अद्भुतपटातील मूल आणि त्याचे घर

मराठी मुलाच्या कानी अगदी पहिल्याने पडणारी अद्भुतकथा बहुधा एका घराचीच असते. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे घर मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा चिमणीच्या दाराशी येऊन उभा राहतो. आत चिमणी बाळाला न्हाऊमाखू घालीत असते आणि त्या निमित्ताने दार उघडणे लांबणीवर टाकीत असते. पक्षी माणसांसारखे बोलतात, एवढाच या कथेतील चमत्कार. तिचा खरा विषय घर, मूल आणि दाराबाहेर राहिलेला शेजारी हा आहे. चमत्काराचे आणि कुटुंबाचे हे नाते अनेक देशांच्या लोककथांत आढळते. विसाव्या शतकात या कथांचा वारसा चित्रपटाकडे आला, तेव्हा ते नातेही त्याच्याबरोबर आले.

पौराणिक चमत्कारपटापासून परग्रहावरील पाहुण्याच्या कथेपर्यंत अनेक प्रकार अद्भुतपट या नावाखाली येतात. त्यांतील पुष्कळ चित्रपटांच्या केंद्रस्थानी मूल असते. मुलाचा चमत्कारावर चटकन विश्वास बसतो, हे याचे एक कारण सांगितले जाते व ते खरेही आहे. परंतु त्याहून महत्त्वाचे असे दुसरे कारण आहे. कुटुंबात मूल हे सर्वांत परावलंबी. घर कोठे असावे, त्यात कोणी राहावे, कोणी निघून जावे, पैसा कसा मिळवावा आणि कशावर खर्च करावा, यांतील एकही निर्णय त्याच्या हाती नसतो. आणि या प्रत्येक निर्णयाचे फळ मात्र त्याला भोगावे लागते. वास्तवाला धरून रचलेल्या कथेत अशा मुलाला फार तर रडता येते किंवा रुसता येते. अद्भुत त्याला काही काळापुरते सामर्थ्य देते. ते सामर्थ्य मूल कशासाठी वापरते, हे पाहिले की त्याच्या घरात काय उणे होते ते आपोआप उघड होते. म्हणून अद्भुतपटात चमत्कार कोणता घडला, यापेक्षा तो घडण्याची गरज का पडली, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

भारतीय चित्रपटाच्या पहिल्या पर्वातील एका चित्रपटापासून आरंभ करणे सोयीचे होईल. दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ हा मूकपट १९१९ साली आला. त्यात बाळकृष्णाची भूमिका केली होती फाळके यांच्या कन्येने, मंदाकिनीने. तिचे वय तेव्हा सात वर्षांच्या आसपास होते. त्यापूर्वी १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटात त्यांचा मुलगा भालचंद्र याने हरिश्चंद्राच्या पुत्राचे काम केले होते. फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई चित्रपटाच्या कामात हरप्रकारे राबत. फिल्मवरील प्रक्रियेपासून कलावंतांच्या जेवणखाण्यापर्यंत त्यांचा हात सर्वत्र असे. अशा रीतीने भारतातील आरंभीचा अद्भुतपट हा शब्दशः एका कुटुंबाचा उद्योग होता. ‘कालिया मर्दन’च्या आरंभी मंदाकिनीचा चेहरा दाखवून त्यावरील निरनिराळे भाव प्रेक्षकांपुढे मांडले आहेत, आणि मग ती कृष्णाच्या वेषात येते. फाळके यांना या मुलीचे मूलपण लपवावयाचे नव्हते. ही एक मुलगी आहे, हे प्रेक्षकाने प्रथम पाहावे आणि नंतर तिच्यात देव पाहावा, अशी ही योजना होती.

या योजनेला मोठी परंपरा होती. कृष्णकथेत चमत्कार घडतो तो घराच्या अंगणात. मूल माती खाते म्हणून आई त्याचे तोंड उघडून पाहते, तो तिला तेथे विश्व दिसते. आणि पुढच्याच क्षणी ती पुन्हा त्याची आई होते. सर्वशक्तिमान मूल उखळाला बांधून घेते, कारण बांधणारी यशोदा आहे. कालियाशी झुंजणारे मूल पाण्यात असते, तेव्हा काठावरची माणसे त्याच्यासाठी व्याकुळ होतात. त्या व्याकुळतेला अर्थ आहे तो त्यांना त्याचे देवपण विसरता येते म्हणूनच. या कथेतील मुलाला अद्भुताच्या शोधात घर सोडून जावे लागत नाही. घरावर तेथे कोणताही आरोप नाही. चमत्काराने वात्सल्याला बाधा येत नाही, उलट त्याला उठावच मिळतो. पाश्चात्त्य अद्भुतपटातील मूल मात्र देव नसते. ते दुबळे असते, आणि बहुधा त्याच्या घरात काही तरी बिनसलेले असते. त्याला दारातून बाहेर पडावे लागते, किंवा अद्भुताला खिडकीतून आत यावे लागते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९३९ सालचा अमेरिकन चित्रपट ‘द विझर्ड ऑफ ऑझ’. एल. फ्रँक बॉम यांच्या १९०० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर तो आधारलेला आहे. कॅन्सस प्रांतातील एका शेतावर डोरोथी ही पोरकी मुलगी काका-काकूंकडे वाढते आहे. तिचा टोटो नावाचा कुत्रा शेजारच्या एका धनवान बाईला चावतो, आणि ती बाई त्याला नेण्यासाठी सरकारी हुकूम घेऊन येते. काका-काकू सज्जन आहेत, परंतु हुकमापुढे त्यांचे काही चालत नाही. स्वतःच्या माणसांनी आपली बाजू घेतली नाही, ही त्या मुलीची पहिली जखम. त्यानंतरच वावटळ येते आणि तिला घरासकट उचलून ऑझ नावाच्या रंगीबेरंगी देशात नेऊन टाकते. कॅन्ससची दृश्ये तपकिरी एकरंगी आणि ऑझची दृश्ये झगझगीत रंगांत, अशी रचना येथे आहे. शेतावरचे तीन गडीच तेथे बुजगावणे, पत्र्याचा माणूस आणि भित्रा सिंह होऊन भेटतात. शेजारीण चेटकीण होऊन भेटते. घरात जे बोलता आले नाही, ते दुसऱ्या देशात, दुसऱ्या वेषात बोलले जाते.

बॉम यांच्या पुस्तकात ऑझ हा खरोखरीचा देश आहे. चित्रपटाने त्याचे स्वप्न केले. हा बदल लहानसा वाटला तरी त्यामुळे कथेचा अर्थ पालटतो. डोरोथी जागी होते तेव्हा सर्व माणसे तिच्या बिछान्याभोवती जमलेली असतात, आणि घरासारखे ठिकाण दुसरे नाही, हा धडा ती शिकलेली असते. पण टोटोला नेण्याच्या त्या हुकमाचे पुढे काय झाले? चित्रपट त्याविषयी अक्षरही काढीत नाही. म्हणजे घरातील अन्याय होता तेथेच राहिला. बदलली ती मुलगी. त्या काळाचा विचार करता हे समजण्यासारखे आहे. १९२९ पासूनच्या मंदीने अमेरिकेत कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, कित्येकांची शेतजमीन हातची गेली होती. घर शाबूत असणे हेच त्या प्रेक्षकांना मोठे भाग्य वाटत असले, तर त्यात नवल नाही. असे असले तरी, समजूत कोणी कोणाची काढायची, या प्रश्नाचे येथे मिळणारे उत्तर स्पष्ट आहे: मुलाने स्वतःची.

पंचवीस वर्षांनी, १९६४ साली, वॉल्ट डिझ्नी यांचा ‘मेरी पॉपिन्स’ आला. पी. एल. ट्रॅव्हर्स यांच्या कथांवरून घेतलेल्या या चित्रपटाचा काळ १९१० चा आणि स्थळ लंडन. बँक्स नावाचे गृहस्थ बँकेत नोकरीला आहेत, आणि घरही बँकेसारखेच शिस्तीत चालावे असा त्यांचा आग्रह आहे. आई स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत गुंतलेली आहे. जेन आणि मायकेल या दोघा मुलांना सांभाळणाऱ्या बाया एकामागून एक काम सोडून जात असतात. आपल्याला कशी बाई हवी, हे मुले एका कागदावर लिहितात. वडील तो कागद फाडून शेगडीत टाकतात. आणि त्याचे तुकडे धुराड्यातून वर उडून जातात. मग आकाशातून छत्री धरून मेरी पॉपिन्स उतरते. त्या कागदात मुलांनी मागितलेले होते प्रेम आणि सोबत. बापाच्या हाती पडलेला तो अर्ज होता आणि त्याने तो न समजता फाडला.

मेरी पॉपिन्स मुलांना चित्रातल्या बागेत नेते, हसता हसता छतापर्यंत उडणाऱ्या माणसाला भेटवते. तरीही हे सारे चमत्कार मुख्य प्रसंगाच्या तयारीसारखे आहेत. मुख्य प्रसंग दोन पेन्सच्या एका खर्चावरून उद्भवतो. मायकेलला त्या पैशांत पाखरांसाठी दाणे घ्यायचे असतात. वडील त्याला बँकेत नेऊन ते खात्यात ठेवण्याचा आग्रह धरतात. मुलगा आपले पैसे परत मागून आरडाओरडा करतो, तो ऐकून इतर ठेवीदारही बिथरतात, बँकेत गोंधळ माजतो आणि वडिलांची नोकरी जाते. तेव्हा कोठे या गृहस्थांना आपली मुले दिसू लागतात. मुलांचा मोडलेला पतंग ते स्वतः दुरुस्त करतात आणि त्यांना घेऊन उडवायला बाहेर पडतात. वाऱ्याची दिशा बदललेली असते. मेरी पॉपिन्स गुपचूप निघून जाते. १९३९ साली मुलीला सुधारावे लागले होते, येथे बाप सुधारला. मात्र या आनंदी शेवटात एक लहानशी गोष्ट सहज नजरेआड होते. पतंगाला शेपूट हवे असते, आणि आई आपल्या चळवळीचा पट्टा त्यासाठी देऊन टाकते. पित्याला त्याची नोकरी बढतीसह परत मिळते. आईच्या कार्याचे पुढे काय होते, याची वाच्यता होत नाही. ट्रॅव्हर्स यांच्या पुस्तकात आईची चळवळ मुळी नाहीच. चित्रपटाने ती आणली आणि पतंगाबरोबर आकाशात सोडून दिली. मुलांच्या सुखासाठी कोणाकडून किती मागावे, याचे माप या चित्रपटात सारखे नाही.

बाप सुधारणार तरी केव्हा, तो घरात असेल तर. १९८२ साली आलेल्या स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘ई. टी.’ या चित्रपटात तो नाही. दहा वर्षांचा एलियट, त्याचा थोरला भाऊ, धाकटी बहीण आणि आई असे चौघांचे हे घर आहे. वडील दुसऱ्या स्त्रीबरोबर मेक्सिकोला गेले आहेत, हे एलियट जेवणाच्या टेबलावर रागाच्या भरात बोलून जातो, आणि आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. पुढे वडिलांचा राहिलेला एक सदरा हाती येतो, तेव्हा दोघे भाऊ त्याचा वास ओळखतात. परग्रहावरचा एक जीव चुकून पृथ्वीवर मागे राहिला आहे आणि त्याला आपल्या घराची ओढ लागली आहे, ही कथा नेमकी अशाच मुलाला भेटते. स्पीलबर्ग यांच्या आई-वडिलांचा घटस्फोट झाला होता, आणि त्या अनुभवाचा या चित्रपटाशी संबंध असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. कॅलिफोर्नियात १९७० पासून दोषारोपावाचून घटस्फोट मिळण्याची सोय झाली होती, आणि पाठोपाठ इतर राज्यांतही तसे कायदे झाले. एक पालक नसलेले घर ही अमेरिकन प्रेक्षकांच्या ओळखीची गोष्ट बनली होती.

या चित्रपटाचे एक वैशिष्ट्य त्याच्या कॅमेऱ्यात आहे. बऱ्याच भागात आईखेरीज इतर मोठ्या माणसांचे चेहरे दिसतच नाहीत. दिसतात ते पाय, कमरेला लटकणाऱ्या किल्ल्या, हातातील विजेऱ्या. कॅमेरा मुलाच्या उंचीवर ठेवल्यामुळे मोठ्यांचे जग मुलाला कसे भासते, हे एका शब्दावाचून कळते. आणि शेवट ‘मेरी पॉपिन्स’हून अधिक प्रामाणिक आहे. ई. टी. आपल्या घरी परततो. एलियटचे वडील परतत नाहीत. चमत्काराने मोडलेले घर पूर्वीसारखे जुळत नाही. जुळतात ती भावंडे. पाहुण्याला लपवताना, वाचवताना, पोहोचवताना ती एकमेकांना नव्याने भेटतात, आणि आईही अखेरीस त्यांच्या रहस्यात सामील होते. जे उरले आहे त्याचेच घर करावे लागते, हे येथे मुलांना कोणी शिकवीत नाही. ती स्वतः करून पाहतात.

दोनच वर्षांनी, १९८४ साली, केरळात ‘माय डियर कुट्टिचात्तन’ हा मलयाळम चित्रपट निघाला. दिग्दर्शक जिजो पुन्नूस. भारतातील हा पहिला त्रिमितीय चित्रपट. पुढे तो ‘छोटा चेतन’ या नावाने हिंदी प्रेक्षकांपर्यंतही पोहोचला. खास चष्मा घालून पडद्यावरील वस्तू हाताशी आल्यासारख्या पाहण्याचे नवल मुलांना होतेच, पण कथेचा गाभा घरगुती आहे. कुट्टिचात्तन हे केरळच्या लोकसमजुतीतील खोडकर, मायावी भूत. एका मांत्रिकाने त्याला आपल्या कामासाठी जखडून ठेवले आहे, आणि तीन मुले त्याची सुटका करतात. त्यांतील मुलीचे वडील दारूच्या आहारी गेलेले आहेत. एकीकडे मंत्राने बांधलेले मूलरूपी भूत, दुसरीकडे बापाच्या व्यसनाने बांधलेली मुलगी, अशी ही जोडी आहे. मोठ्या माणसाच्या लोभाने वा दुबळेपणाने मूल कसे अडकते, ते भारतातील असंख्य घरांना ठाऊक असलेल्या उदाहरणातून येथे मांडले गेले. भिंतीवरून आणि छतावरून चालणारी मुले, हे या चित्रपटातील गाजलेले दृश्य. त्यासाठी संपूर्ण खोलीच फिरती बांधली होती. ज्या घरात मोठ्यांचा तोल गेलेला आहे, तेथे मुलांना उलटे चालण्याची मोकळीक मिळावी, ही कल्पना पाहणाऱ्याला केवळ गंमत वाटत नाही.

या मालिकेतील अखेरचा चित्रपट जपानी आहे. हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ २००१ साली प्रदर्शित झाला. २००२ साली त्याला बर्लिनचे सुवर्ण अस्वल आणि २००३ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशन चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. दहा वर्षांची चिहिरो आई-वडिलांबरोबर नव्या गावी राहायला निघाली आहे. मैत्रिणी सुटल्या म्हणून हिरमुसली आहे. वडील मोटार भलत्याच वाटेने नेतात आणि ती तिघे एका ओसाड करमणूक-नगरीत येऊन पोहोचतात. जपानची भरभराट ओसरली तेव्हा अशा कित्येक जागा बंद पडल्या, असे वडीलच सांगतात. तेथे एका दुकानात ऊन ऊन पदार्थ मांडलेले असतात. मालक दिसत नाही. आपल्याजवळ पैसे आहेत, या भरवशावर आई-वडील खायला बसतात. मुलगी नको नको म्हणत असते. पाहता पाहता त्या दोघांची डुकरे होतात.

पुढची सारी कथा म्हणजे या मुलीने आई-वडिलांसाठी केलेली मजुरी होय. देवांच्या स्नानगृहाची मालकीण युबाबा तिला कामावर ठेवते, तिचे नाव काढून घेते आणि तिला सेन म्हणून हाक मारू लागते. स्वतःचे नाव विसरले की परतीची वाट बंद. चिहिरो फरशा घासते, गाळाने माखलेल्या नदीच्या देवाला न्हाऊ घालते, आणि हळूहळू धीट होते. युबाबाचेही एक मूल आहे: अवाढव्य बाळ, रोगजंतूंच्या भीतीने गाद्या-उशांच्या खोलीत कोंडून ठेवलेले. एक मूल मोठ्यांच्या बेफिकिरीने उघड्यावर पडलेले आणि दुसरे मोठ्यांच्या काळजीने कोंडलेले. दोघांनाही बाहेरच्या जगात पाऊल टाकल्यावरच शहाणपण येते. शेवटी डुकरांच्या कळपातून आई-वडील ओळखण्याची परीक्षा होते. यांत ते नाहीतच, असे चिहिरो ठामपणे सांगते आणि ते खरे ठरते. पण सुटून आलेल्या आई-वडिलांना घडलेले काहीच आठवत नाही. मुलीने काय सोसले, हे त्यांना कधीच कळणार नाही. मोटारीवर साचलेली धूळ आणि पाचोळा तेवढा साक्षीला राहतो.

एवढ्या थोड्या चित्रपटांवरून नियम सांगणे धाडसाचे होईल. तरीही त्यांच्यात एक दिशा दिसते. १९३९ च्या डोरोथीने घराला समजून घेतले, १९६४ च्या बँक्स गृहस्थांनी मुलांना समजून घेतले, १९८२ च्या मुलांनी मोडलेल्या घरात एकमेकांना सावरले, आणि २००१ च्या चिहिरोने आई-वडिलांना त्यांच्या नकळत सोडवून आणले. घराचा दोष पडद्यावर उत्तरोत्तर अधिक मोकळेपणाने कबूल केला गेला. मात्र त्याबरोबर तो निस्तरण्याचा भारही अधिकाधिक मुलाच्या खांद्यावर आला. यशोदेच्या अंगणातील मूल बलवान होते तरी त्याला कोणाची समजूत घालावी लागत नव्हती. आधुनिक अद्भुतपटातील मूल दुबळे असूनही मोठ्यांची समजूत घालते.

अशा चित्रपटांचे चाहते त्यांतील मुलांचे धैर्य वाखाणतात, आणि ते योग्यच आहे. लहान प्रेक्षकाला आपल्याहून फारशी मोठी नसलेली मुलगी भीती ओलांडून जाताना दिसते, तेव्हा त्याला मिळणारे बळ खरे असते. पण हे चित्रपट पाहायला मुले एकटी येत नाहीत. शेजारच्या खुर्चीवर आई किंवा वडील बसलेले असतात. फाडलेला कागद, न परतलेला बाप, दारूची बाटली आणि दुसऱ्याच्या ताटावर बसलेले आई-वडील ही त्यांनी पाहावीत अशीच दृश्ये आहेत. मूल घरी एरवी जे म्हणू शकत नाही, ते तेथे म्हटले जाते. चांगल्या अद्भुतपटाची खूणही यातच सापडते. मेरी पॉपिन्स जाते, ई. टी. जातो, युबाबाचे स्नानगृह बोगद्यापलीकडे राहते. चमत्कार गेल्यावर घरातील माणसांना एकमेकांकडे पाहावे लागते. त्या वेळी बदललेले फक्त मूलच असेल, तर तो चित्रपट कितीही देखणा असला तरी त्याने मोठ्यांना स्वस्तात सोडले आहे, असेच म्हणावे लागेल.